जॉबर लोळली तिथे तेरडा

"नाना, तेरडा लावलात तुमच्या दारात आणि उगवतोय आमच्या मोरीत. हे चालायचं नाही."

जयंती दोन्ही हात कमरेवर ठेवून नानांच्या पडवीसमोर उभी होती. तिच्या मागे शेवंती, शकु आणि चाळीतल्या आणखी दोघी-तिघी. भांडुपच्या टेकडीवरच्या त्या बैठ्या चाळीत कुणाची तक्रार करायची असली की जयंतीला पुढे करायचं, असा रिवाजच पडला होता. तिचा आवाज खालच्या नळापर्यंत पोचायचा.

नाना बशीतला चहा फुंकत होते. "अगो, फुलझाड आहे ते. फुलझाडाने कुणाचं काय वाईट केलंय?"

"माझ्या मिरच्या गेल्या," शेवंती म्हणाली. "अळू गेलं. आता तुळशीत उगवलाय. तुळशीत, नाना!"

"आणि बी कोण पसरवतं? ही!" जयंतीने बोट दाखवलं.

ही म्हणजे जॉबर. नानांच्या दारातल्या गुलाबी तेरड्यात ती चारी पाय वर करून झोपली होती. आपलं नाव निघालं म्हणून तिने एक डोळा उघडला, जमलेल्या बायका पाहिल्या आणि पुन्हा मिटून घेतला.

नानांनी परळच्या गिरणीत उभी हयात घालवली होती. संप फिसकटला, गिरणी सुटली आणि ते टेकडीखालच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. त्याच पावसाळ्यात ही तांबूस कुत्री त्यांच्या मागे लागली. स्वतः काडीचं काम करायची नाही, पण दुसरा कुणी काम करत असला की जवळ उभी राहून निरखून बघायची. मध्येच नाक खुपसायची आणि निघून जायची. "आमच्या खात्यातला मुकादम, तो जॉबर, अस्साच होता," नाना म्हणाले, आणि बारसं झालं.

तेरडा मात्र नानांच्या बायकोचा, प्रेमाचा. तिने माहेराहून बी आणलं होतं, पदराच्या गाठीत बांधून. त्यांच्याकडे तेरड्याची रोपं मुळासकट आणून त्यांचीच गौर बसवतात. मुंबईत तो तेरडा बाजारातून घ्यावा लागे आणि ते तिच्या मनाला लागे. "देवी काय मेथीसारखी जुडीने आणायची?" असं म्हणून तिने ते बी दाराशी टाकलं होतं.

बी तिने टाकलं आणि पुढचं जॉबरने पाहिलं. पावसात भिजून यायची, तेरड्यात लोळायची. पिकलेली बोंडं तिच्या अंगाखाली फटाफट फुटायची. मग चिखलाने आणि बियांनी माखलेली ती जिथे भाकरीचा तुकडा मिळेल तिथे जायची, पोटभर खायची आणि तिथेच लोळायची. पुढच्या पावसाळ्यात तिथे तेरडा. दोन-तीन वर्षांत अख्ख्या चाळीला तेरड्याचा वेढा पडला.

"मी तर तिला दारात उभी करत नाही," जयंती म्हणाली. "हाड् म्हणते, पाणी फेकते. तरी माझ्या मागच्या अंगाला रान माजलंय रान!"

ह्या बोलण्यात काहीतरी जुळत नव्हतं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. नानांना राग आला होता आणि बाकीच्यांना नळावर जायचं होतं.

"ठीक," नाना बशी ठेवून उठले. "गणपतीच्या आत सगळा उपटतो. एक काडी दिसली तर मला नाना म्हणू नका."

आणि खरंच, सुट्टीच्या दिवशी नानांनी खुरपं घेतलं आणि दारोदार फिरून तेरडा उपटला. जॉबर प्रत्येक दारात उभी राहून बघत होती. जयंतीच्या मागे मात्र त्यांना जाता आलं नाही. ती वाटेतच आडवी झाली.

"तिकडे यायचं नाही, नाना. तिथे माझी न्हाणी आहे. माझं मी बघते."

दारातला एक ताटवा तेवढा नानांनी प्रेमाच्या सांगण्यावरून राखला. ह्या खेपेला तो राखणं भाग होतं, कारण नानांची थोरली बहीण रुक्मिणीअक्का गोरेगावहून गौरीला येणार होती. अक्काचं घर कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर, रंगीत टीव्हीसकट. एका लग्नाच्या पंगतीत ती प्रेमाला म्हणाली होती, "तुमच्या भांडुपला देवी यायची कशी गं? तो चढ बघून खालूनच परत जात असेल." आणि प्रेमा, जी एरवी नणंदेपुढे तोंड उघडत नसे, पटकन बोलून गेली होती, "आमची गौर आमच्या दारातून येते, वन्सं. पिशवीतून नाही." पंगत हसली. अक्का हसली नाही. "बघायला येते," एवढंच म्हणाली.

नानांनी तेरडा काढल्यापासून जॉबर दिसेनाशी झाली. पोटाने जड होती बिचारी. "रुसली," नाना म्हणाले. "तिचं अंथरूणच काढलं मी."

गौरीच्या दिवशी प्रेमा बांगड्या आणि भाजी घ्यायला खाली स्टेशनच्या बाजारात गेली. जाताना नानांना बजावून गेली, "लक्ष ठेवा हं." कशावर, ते सांगितलं नाही. नाना गणपतीपुढच्या समईवर लक्ष ठेवून बसले.

तेवढ्यात दारात शकु आली. हातात ताम्हण, नजर जमिनीला.

"नाना, एक झाड द्या ना. मुळासकट. गौरीला."

"कुठलं गो झाड?" नाना खुशीत आले. "मोरीत उगवतं ते?"

"जाऊ दे ना, नाना."

"मिरच्या खातं ते?"

"त्या शेवंतीच्या. मी तर तेव्हा बोललेच नव्हते."

"बरं, बरं. घे." नानांनी स्वतः उठून झाड काढून दिलं. दाता म्हणून दारात उभं राहायला किती गोड वाटतं, हे त्यांना फार वर्षांनी कळत होतं.

मग शेवंती आली. इतकी वर्षं ह्या सगळ्याजणी आपापल्या दारात उगवलेला तेरडाच गौरीला नेत होत्या, हे ना त्यांच्या लक्षात राहिलं होतं ना नानांच्या. शेवंतीला नानांनी तुळशीची आठवण करून दिली आणि दोन झाडं दिली. तिसरी आली, चौथी आली. वरच्या चाळीतून एक आली, जिचं नावही नानांना ठाऊक नव्हतं. तिला तर त्यांनी चहाही विचारला. प्रत्येकीला ते म्हणत, "सणाचं दारी आलेल्याला नाही म्हणू नये." शेवटचं झाड देऊन हात धुताना त्यांची नजर ताटव्यावर गेली. तिथे नुसता चिखल होता.

आणि चिखलापलीकडे, हातात पिशव्या घेऊन, प्रेमा उभी होती.

"अहो, आपली गौर कुठाय?"

नाना टॉवेलला हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले.

"लक्ष ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"ठेवलं की. समई बघ, कशी तेवतेय."

इतक्यात खालून चढावरून आवाज आला, "धोंडू! अरे, हा चढ आहे का शिडी?" सगळी चाळ ज्यांना नाना म्हणे त्यांना धोंडू म्हणणारी जगात एकच व्यक्ती होती.

"वाट लागली," नाना पुटपुटले. "पळत जाऊन बाजारातून आणू?"

"आणि अक्कांच्या अंगावरून पिशवी नेणार? पिशवीतून!" प्रेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळ्या पंगतीत बोलले होते मी."

"शकुकडून परत मागतो."

"बसलेली गौर उठवायची? काय बोलताय काय!" ती पडवीच्या कडेला टेकली. मग एकदम म्हणाली, "कोण कोण येऊन गेलं?"

नानांनी नावं सांगितली.

"आणि जयंती?"

"ती कुठल्या तोंडाने येणार?"

"पण तिच्याकडे गौर बसलीय. येताना दारातून बघितली मी. ताजा तेरडा, हा एवढा! तिने कुठून आणला?" प्रेमा उठून उभी राहिली. "आणि अहो, आपली जॉबर कुठाय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जयंतीच्या खोलीकडे.

अक्का वर आली, पाणी प्यायली, गणपतीच्या पाया पडली आणि म्हणाली, "हं, दाखव तुझं दार."

प्रेमाने ताम्हणात हळद-कुंकू घेतलं आणि तोंडात पाण्याची चूळ भरली. नानांच्या घराण्याचा रिवाज कडक होता. गौर आणायला निघाल्यापासून ती जागेवर बसेपर्यंत आणणारीने तोंडात पाणी धरायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, मागे बघायचं नाही. एरवी तिला तो जाच वाटे. आज अक्काच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून तो पूर्वजांचा आशीर्वादच वाटला.

"दारातून ना गं? मग इकडे कुठे चाललीस?" अक्का थाळी वाजवत मागे निघाली. प्रेमाने नुसता हात पुढे केला. जयंतीच्या खोलीच्या कोपऱ्यावर येताच खोलीमागून गुर्रर्र असा आवाज आला. अक्का जागीच थबकली. कुत्र्यांना ती लहानपणापासून भ्यायची.

"मी इथेच थांबते. तू हो पुढे. काही झालं तर हाक मार. नाही, हाक मारू नकोस! चूळ आहे ना! पण मग मला कळायचं कसं?"

प्रेमा एकटी मागे गेली. न्हाणी आणि टेकडीच्या कुंपणाच्या मध्ये कमरेइतका तेरडा उभा होता. गुलाबी, पांढरा, जांभळा, नुसता फुललेला. त्याच्या मधोमध गोणपाटावर जॉबर, आणि तिला चिकटलेली पिल्लं. आणि समोर उकिडवी बसून दुधात कुस्करलेली भाकरी भरवणारी जयंती.

"खा गं बाय, खा. बाळंतीण तू—" म्हणता म्हणता जयंतीने वर पाहिलं आणि वाडगा तिच्या हातातून सुटला.

प्रेमा गाल फुगवून उभी होती.

"प्रेमा, तुला वाटतंय तसं नाही हे."

प्रेमा गप्प.

"एक-दोनदा दिली भाकरी. उरलेली."

प्रेमाचे गाल तसेच.

"बरं, रोज देते! आल्यापासून देते! सगळ्यांसमोर हाड् म्हणते आणि मागे बोलावते. झालं समाधान? काय करू, दुपारी सगळे कामावर जातात, घर खायला उठतं. ही येऊन बसते, मी बोलते ते ऐकते. आमच्या ह्यांनी तरी कधी ऐकलंय का? आता बोल की काहीतरी! शिव्या दे! पण अशी गाल फुगवून बघू नकोस, मला धडकी भरते." आणि मग तिचं लक्ष ताम्हणाकडे गेलं. "अगं बाई! चूळ आहे होय तोंडात!"

प्रेमाने मान हलवली. हसू आवरताना पाणी नाकात जायचं बाकी होतं.

"मिळाली का गं?" कोपऱ्यावरून अक्का ओरडली. "बोलू नकोस! नुसतं सांग!"

प्रेमा झाडाकडे वाकली तशी जॉबर पुन्हा गुरगुरली. "थांब, माझं ऐकते ती," जयंती म्हणाली. तिने जॉबरच्या कानामागे खाजवलं, उलथन्याने सगळ्यात मोठं झाड मुळासकट हलकेच काढलं, बादलीतल्या पाण्यात धुतलं आणि प्रेमाच्या हातात दिलं. वर कुंकूही वाहिलं. "प्रेमा," ती हळूच म्हणाली, "चाळीत सांगू नकोस हं. माझा आवाज कोण ऐकेल मग?"

अक्काने गौर खालून वर न्याहाळली. असा तेरडा गोरेगावात पिशवीतून येत नव्हता. थाळी वाजवत ती पुढे झाली आणि तो आवाज ऐकून दारोदारच्या बायका बाहेर आल्या. नानांनी दारात प्रेमाच्या पावलांवर पाणी घातलं. अक्काने विचारलं, "कोण आलं?" नाना म्हणाले, "गौर आली." "कशाच्या पावलांनी आली?" नाना "सोन्याच्या" म्हणणार, एवढ्यात प्रेमाच्या मागून जॉबर आत शिरली. आपल्या घरातली वस्तू कुठे चालली, ते बघायला निघाली होती ती. उंबऱ्यापासून गणपतीपर्यंत काढलेल्या कुंकवाच्या पावलांवर तिची चिखलाची पावलं उमटत गेली.

अक्का किंचाळून खुर्चीवर चढली. "हाकल रे, धोंडू!"

नानांनी जॉबरकडे पाहिलं. पोट खपाटीला गेलेलं, अंगभर तेरड्याच्या पाकळ्या.

"नको, अक्का. बाळंतीण आहे. गौरीच्या दिवशी दारात आलेली माहेरवाशीण आहे ती."

जॉबर नैवेद्याच्या ताटाशी उभी राहून सगळं नीट मांडलंय का ते बघू लागली. प्रेमाने गौर पाटावर ठेवली, बाहेर जाऊन चूळ टाकली आणि पदराने तोंड पुसलं. दारात जमलेल्या बायका तिची वाटच बघत होत्या.

"एवढा तेरडा राहिला कुठे गं?" शेवंतीने विचारलं. "नानांनी तर सगळा उपटला होता."

जयंती मागे उभी राहून भिंतीकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज बंद होता.

"मला काय विचारता?" प्रेमा म्हणाली. "मी तर तोंडात पाणी धरून होते."

संध्याकाळी भाजी-भाकरीचं पहिलं पान जयंतीच्या न्हाणीमागे गेलं. ते कुणी नेलं, हे चाळीत कुणी विचारलं नाही.

अक्का विसर्जनानंतरही राहिली. आधी लांबून, मग जवळून, मग मांडीवर घेऊन तिने पिल्लं पाहिली. दिवाळीला पुन्हा आली ती एक पिल्लू न्यायलाच. वाटेत थंडी वाजू नये म्हणून जयंतीने ते जॉबरच्याच गोणपाटात गुंडाळून दिलं, मातीसकट.

पुढच्या श्रावणात अक्काची चिठ्ठी आली. खुशाली एका ओळीत होती. पुढे लिहिलं होतं, "धोंडू, ह्या रविवारी खुरपं घेऊन ये. कॉलनीतल्या बायका दारात उभ्या आहेत."

नानांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि खुरपं शोधायला उठले. जॉबर पाठोपाठ आलीच, शोधतात कसे ते बघायला.

"जा, पण सगळा उपटू नका हं," प्रेमा आतून म्हणाली. "आणि झाडं मागायला कुणी आलं, तर तुम्ही घरातच बसा."