मंदाचा म्हातारबा

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही मेथी निवडली. म्हणजे मी निवडली. मंदा, माझी बायको, समोर बसून पुस्तक वाचून दाखवत होती. वाचणाऱ्यानं भाजीला हात लावायचा नाही, हा तिचाच कायदा.

पुस्तक कॉलेजच्या पोरापोरींचं. तनू नावाची सोळा वर्षांची मुलगी, तिला शहरातल्या सावल्या दिसतात. लिफ्टच्या खड्ड्यात एक, पुलाखाली एक, पाण्याच्या टाकीत एक. याचे चार भाग झाले होते. पाचवा आला तेव्हा लायब्ररीच्या रांगेत साठीची मंदा पहिली. मागच्या पोरी हसल्या तर म्हणाली, "हसू नका गं. तुम्हाला परीक्षा तरी हायेत. मला हेच हाय."

खारी गावातल्या आमच्या बैठ्या घराच्या जागी बिल्डिंग झाली आणि मंदाला लिफ्ट मिळाली. आत पाय टाकण्याआधी ती वाकून विचारायची, "येऊ का?" सावलीला!

शेजारचे शांतिभाई म्हणाले, "भाभी, अंदर कोई नहीं है."

"है कैसे नहीं? तुम बिना पूछे घुसते हो, इसलिए तो अटकती है."

तिची लिफ्ट कधी अडकली नाही, हे खरं. मी जिन्यानं जायचो. लाज वाटायची.

माझं शिक्षण दुसरी. सगळा जन्म मुर्ध्याच्या मिठागरात गेला. अक्षर लावता येतं, पण एक ओळ लागेपर्यंत चहा निवतो. म्हणून ती वाचायची, मी ऐकायचो.

त्या गोष्टीत एक म्हातारबा होता. तापट, तोंडाचा फाटका, पण तनूच्या वेळेला उभा राहणारा. मला तो फार आवडायचा. दुसऱ्या भागात आलं की पुलाखालची सावली बिडीच्या वासावर माणूस धरते. म्हातारबानं बिडी सोडली. मंदा पुस्तकावरून माझ्याकडे बघत राहिली. मीपण सोडली, उगाच कशाला? तिसऱ्या भागात टाकीतली सावली गोड रक्ताला सोकावली. डॉक्टर दोन वर्षं ओरडून जी साखर सुटली नव्हती, ती त्या आठवड्यात सुटली.

त्या सकाळी म्हातारबानं वॉचमनची बिडी नाकारली आणि तनूच्या मागनं अंधाऱ्या टाकीत उतरला. मंदानं पान दुमडलं.

"मरतो काय गं?"

"न्हाय मरत."

"तू पुढचं वाचलंस?"

"मी वाचतेय तवर न्हाय मरत. द्या ती मेथी हिकडं. देठं किती ठेवलीत, बकरी हाय का घरात?"

जेवणं झाली आणि तिच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षात बसेपर्यंत बोलत होती. पुढे नाही. रात्री स्मशानातलं सगळं उरकून माणसं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरहून आलेली आमची मुलगी आत झोपली होती. पुस्तक टीव्हीवर तसंच. मी चष्मा लावला, दुमडलेलं पान उघडलं आणि ओळीखाली बोट धरून बसलो. म्हातारबाचं काय झालं ते मला बघायचं होतं.

टाकीत तनू एकटीच उतरत होती.

वाटलं, माझंच चुकतंय. मागची पानं लावत गेलो. ऊन खिडकीतून पार माझ्या पायावर आलं. म्हातारबा कुठंच नाही. वॉचमन आहे, पण तो नुसता गेट उघडतो. बिडी हा शब्द तर मी झोपेतसुद्धा ओळखीन, बंडलावर वाचून पाठ झालाय. तोही नाही.

पाच भाग ही बाई मला बनवत होती. तोंडातून शिवी गेली. गेलेल्या माणसाला देऊ नये, पण दिली.

मग परत दुमडलेल्या पानावर आलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो. तनू टाकीत उतरली. तिच्या मागनं मी म्हातारबाला उतरवला. आणि टाकीच्या तोंडाशी एक म्हातारी आणून उभी केली, हाताला मेथीचा वास येणारी. तिनं वाकून आत बघितलं.

"येऊ का?"

"ये," मी म्हणालो.