वाघाचा गुरुवार

बाळांनो, एका जंगलात एक वानर नोकरीला होता. हसू नका. तुमचे बाबाही नोकरीला जातात, तेव्हा कोणी हसतं का?

त्या वानराचं नाव हुपाजीराव. पाणवठ्याजवळच्या अर्जुनाच्या झाडावर बसायचं आणि वाघ दिसला की आरोळी ठोकायची, एवढंच काम. आरोळी ऐकली की हरणं धूम पळायची. त्याबद्दल ती हुपाजीरावांना मोहाची फुलं द्यायची. आता मोहाची फुलं खाल्ली की डोळे जड होतात. त्यामुळे हुपाजीराव पगार घेतला की झोपायचे आणि जाग आली की दचकून ओरडायचे.

एकदा त्यांनी मोराला वाघ समजून आरोळी ठोकली. सगळा कळप करवंदीच्या जाळीत घुसला. कळपाच्या प्रमुख ठिपकेबाई पुढे कितीतरी दिवस अंगातले काटे काढत होत्या. मोर मात्र तेव्हापासून जरा छाती काढून चालू लागला.

ठिपकेबाई वैतागल्या होत्याच. तेवढ्यात शहराकडून मुंगसेसाहेब आले. जातीने मुंगूस, धंद्याने विक्रेते. बरोबर एक चकचकीत डबा.

"मॅडम, हा शहाणा डबा," मुंगसेसाहेब म्हणाले. "लाखो माणसांचं बोलणं ऐकून शहाणा झालाय. काहीही विचारा, उत्तर देतो. याला भूक नाही, झोप नाही, शेपूट नाही."

"शेपूट नसण्याचा काय फायदा?" ठिपकेबाईंनी विचारलं.

"शेपटीत काटा रुतला म्हणून रजा घेत नाही."

ठिपकेबाईंनी झाडाकडे बघितलं. हुपाजीराव रजेवर होते. डबा ठेवून घ्यायचं ठरलं, अर्जुनाच्या खालच्या फांदीवर.

हे कळल्यावर हुपाजीराव सरसर खाली आले. "मग माझं काय?"

"तुमची तर बढती झाली!" मुंगसेसाहेब म्हणाले. "डबा सल्ला देणार, तुम्ही हे हिरवं बटण दाबून तो मान्य करणार. कुणीतरी वानर मध्ये असायलाच हवं, असा नियम आहे."

हुपाजीरावांना गहिवरून आलं. आपल्याशिवाय नियम अडतो, हे त्यांना माहीतच नव्हतं.

सुरुवातीला छान चाललं. डबा सांगायचा, "वाघ डोंगरापलीकडे आहे." हुपाजीराव मान्य करायचे. हरणं चरायची. पुढे पुढे हुपाजीराव सल्ला न ऐकताच मान्य करू लागले. मग न बघता. मग झोपेत शेपटीने.

एके सकाळी ठिपकेबाईंनी विचारलं, "आज वाघाचं कसं काय?"

"आज गुरुवार," डबा म्हणाला. "वाघ गुरुवारी उपास करतो. निर्धास्त राहा."

आता डब्याने माणसांचं जे बोलणं ऐकलं होतं, त्यात वाघाबद्दल थोडं होतं आणि उपासाबद्दल फार होतं. ते असं एकमेकांत मिसळलं. पण आवाज इतका ठाम होता, की कोणाला शंकाच आली नाही. वरून शेपूट आली आणि बटण दाबून गेली.

दुपारी हुपाजीरावांना जाग आली. बघतात तो काय, गवतातून वाघ येतोय! चांगला खराखुरा, पट्ट्यांसकट. जंगलात त्याला ढाणेसाहेब म्हणत.

हुपाजीरावांनी आरोळीसाठी तोंड उघडलं आणि परत मिटलं. सल्ला आपणच मान्य केलेला. आता ओरडलो तर आपणच खोटे ठरणार. बढतीही जाणार. पण हुपाजीराव मनाने वाईट नव्हते. ठिपकेबाईंचं पाडस अगदी पाण्याच्या काठाशी उभं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून आरोळी ठोकली.

"अहो, ओरडताय काय!" ठिपकेबाई खालून म्हणाल्या. "आज गुरुवार आहे."

एकही हरीण हललं नाही. ढाणेसाहेब पाणवठ्यावर आले आणि गोंधळून उभे राहिले. पळणाऱ्यांच्या मागे पळायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. उभ्या असलेल्यांचं काय करायचं?

"काका, उपासाला पाणी चालतं ना?" पाडसाने विचारलं.

"कसला उपास?"

सगळ्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. म्हणजे खूर दाखवला.

"आपण दर गुरुवारी उपास करता," डबा म्हणाला. "आपली निष्ठा खरोखर कौतुकास्पद आहे."

ढाणेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर लोक त्यांना बघून पळालेच होते, कौतुक कोणी केलं नव्हतं. ते पोटभर पाणी प्यायले आणि मान खाली घालून निघून गेले.

सगळ्या जंगलात डब्याचा जयजयकार झाला. शुक्रवारी सकाळी पाणवठ्यावर मुंगसेसाहेबांचा सत्कार ठेवला. त्यांच्या गळ्यात हार पडला, आणि नेमके तेव्हाच ढाणेसाहेब हजर झाले. पोट पाठीला लागलेलं.

हरणं पळायच्या बेतात होती. "थांबा," ढाणेसाहेब म्हणाले. "मी आता नेमधर्माचा प्राणी आहे. उपास कशाने सोडायचा, तेवढं विचारायला आलोय."

"उपास सोडताना जड खाऊ नये," डबा म्हणाला. "लहानसं, हलकं, ताजं काहीतरी घ्यावं."

ढाणेसाहेबांनी ठिपकेबाईंकडे बघितलं. जड. मग झाडाकडे बघितलं.

हुपाजीराव टक्क जागे झाले. बटणावरचा हात त्यांनी मागे घेतला. "एक शंका आहे," ते चाचरत म्हणाले. "वानर हलकं की जड?"

"मुंगसाच्या मानाने जड," डबा म्हणाला.

सगळ्यांनी मुंगसेसाहेबांकडे बघितलं.

"अहो, ऐकू नका त्याचं!" मुंगसेसाहेब किंचाळले. "हा डबा चुकतो! पुष्कळदा चुकतो! वाघ कुठे उपास करतात का?"

"डबा चुकतो?" ढाणेसाहेबांनी विचारलं. "म्हणजे मी काल उगीच उपाशी राहिलो? मग आज हरीण खाऊ?"

"नाही, नाही!" हरणं एका सुरात ओरडली. "डबा कधीच चुकत नाही!"

हुपाजीराव बटणाकडे सरकले. त्यांनी मुंगसेसाहेबांकडे बघितलं, पाडसाकडे बघितलं, मग स्वतःच्या मांडीवर जमलेल्या चरबीकडे बघितलं. आणि पहिल्यांदाच नीट विचार करून बटण दाबलं.

गट्ट.

पुढे चौकशी झाली. डबा म्हणाला, "मी फक्त सल्ला देतो." हुपाजीराव म्हणाले, "मी फक्त मान्य करतो." ढाणेसाहेब म्हणाले, "मी फक्त पाळतो." समितीने बराच विचार केला आणि दोष मुंगसेसाहेबांचा ठरवला. एवढं हलकं राहायला त्यांना सांगितलं कोणी होतं?

तात्पर्य : यंत्राचा सल्ला डोळे मिटून मान्य करावा. फक्त बटणापाशी बसावं, आणि वजन वाढवत राहावं.