बिजागरीसह की बिजागरीविना

पाण्याचे नमुने घेणाऱ्या बाईंची वही ओली होते, ही बाब कार्यालयाच्या निदर्शनास आली तेव्हा ती ओली व्हायला लागून बावीस वर्षे झाली होती. शहरातली एकशे चौदा ठिकाणे आळीपाळीने फिरायची, नळाखाली काचेची नळी धरायची, पाण्यात क्लोरिन किती उरले आहे ते जागच्या जागी तपासायचे आणि आकडा वहीत लिहायचा, हे त्यांचे काम. नळ, हात आणि वही एका जागी आली की शाई पसरते. पसरलेल्या शाईत एकचा आकडा नऊसारखा दिसतो आणि नऊचा कशासारखाच दिसत नाही.

कार्यालयात त्यांना सगळे नमुनेबाई म्हणत. ‘अवाचनीय नोंदी’ या सदराखाली त्यांना दोन ज्ञापने मिळालेली होती. तिसरे मिळाले की फिरतीचे काम बंद आणि मुक्काम अभिलेख कक्षात, असा नियम होता. त्या कक्षाला खिडकी नव्हती, आणि तिथे बसून त्यांना स्वतःच्याच बावीस वर्षांच्या भिजक्या वह्यांची स्वच्छ प्रत काढावी लागली असती. बाईंचा जीव फिरतीत होता. वह्यांची तपासणी तिमाहीअखेर होई, आणि तिमाही संपायला सत्तर दिवस उरले होते. म्हणून त्यांनी अर्ज केला : “पाण्याने खराब न होणारा एक टॅब मिळावा. कुठलाही चालेल.”

घात केला तो शेवटच्या दोन शब्दांनी.

“बाई, कुठलाही म्हणजे?” साहेबांनी विचारले.

“म्हणजे कुठलाही, साहेब.”

“अहो, कुठलाही नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. भांडारपाल, काय काय येतं?”

भांडारपाल चष्मा पुसत उठले. “दोन प्रकार आहेत, साहेब. एक नुसता सपाट. पडदा आणि खेळ खलास. दुसऱ्याला बिजागरीनं कीबोर्ड जोडलेला असतो. त्याचा पडदा मागं फिरवून घडी घातली की त्याचाही सपाट होतो.”

“मग सपाट असणाऱ्यात आणि सपाट होणाऱ्यात फरक काय?”

“बिजागरी, साहेब.”

एवढा मोठा प्रश्न आपल्या कार्यालयात दबा धरून बसला होता, याची कुणाला कल्पना नव्हती.

“साहेब, आकडा दोन्हींवर लिहिता येतो,” बाई म्हणाल्या. “आणि जुन्या टाकीचा आकडा जरा—”

“बाई, विषयपत्रिकेवर विषय एकच आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी ‘हस्तसंगणक स्वरूपनिश्चिती समिती’ नेमली.

पंधरा दिवसांत कार्यालयाचे दोन तुकडे झाले. सपाटवाद्यांचे म्हणणे असे, की जिथे सांधा नाही तिथे मोडायलाही काही नाही. बिजागरीवाद्यांचे म्हणणे असे, की हाच न्याय लावायचा तर माणसाला गुडघेही नकोत. त्यांचे पुढारी भांडारपाल होते. सपाटवाद्यांचे पुढारी होते आस्थापना शाखेचे मुख्य लिपिक, आणि ते आपली शाखा सोडून कुणाला टाचण्यासुद्धा उसन्या देईनात. साहेब तटस्थ होते. मात्र त्यांची खुर्ची फिरती आहे, सबब त्यांचा कल उघड आहे, असे निनावी पत्र आले. तेव्हा त्यांनी खुर्ची होती त्या स्थितीत घट्ट करून घेतली. ती नेमकी भिंतीकडे तोंड करून होती. त्यानंतरचा सगळा कारभार साहेबांनी भिंतीशी बोलत केला, आणि कामाच्या गतीत फरक पडला नाही.

बाईंची घरीही सुटका नव्हती. नणंद वरच्या मजल्यावर राहायची. अर्जाची बातमी कळताच ती खाली आली.

“वहिनी, डोळे मिटून बिजागरीवाला घ्या. मी दोन वर्षांपूर्वी घेतलाय. सोनं आहे, सोनं!”

“फिरवता का हो तुम्ही तो?”

“छे! फिरवला की बिजागरी सैल पडते.”

“मग कीबोर्ड वापरत असाल.”

“त्यावर चिकटपट्टी मारलीय. फटीत धूळ जाते ना.”

“मग ताई, नुसता सपाटच का नाही घेतलात?”

नणंदेने वहिनीकडे करुणेने पाहिले. “अहो, मग तो फिरवता आला नसता!”

समितीच्या सहाव्या बैठकीत हातघाईची वेळ आली, तेव्हा साहेबांनी भिंतीला उद्देशून तज्ज्ञ बोलावण्याचा आदेश दिला. तज्ज्ञ आल्या. त्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, “तुमच्याकडे मतं आहेत, पुरावा नाही.” हे वाक्य शंभर टक्के बरोबर होते. पुढचा सगळा प्रकार त्याच वाक्यातून घडला.

“वापरणाऱ्याला आपल्या हातात काय आहे ते कळता कामा नये,” संख्याशास्त्रज्ञांनी सांगितले. “कळलं की पूर्वग्रह आला.”

“आणि कळलंच नाही, तर तो वापरणार कसा?” नमुनेबाईंनी विचारले.

“निःपक्षपातीपणे.”

त्यामुळे चाचणीत भाग घेणाऱ्या चोवीस जणांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायचे ठरले. बोटांनी कीबोर्ड ओळखू येईल, म्हणून प्रयोगशाळेतले आम्ल हाताळायचे जाड हातमोजेही चढवायचे ठरले. निरीक्षण करणाऱ्यांनाही पूर्वग्रह असू शकतो, या न्यायाने निरीक्षकांनाही पट्ट्या बांधल्या. डोळे उघडे असलेला एकच शिपाई होता. त्याला शास्त्रीय काटेकोरपणासाठी शेजारच्या खोलीत बसवले.

“आणि तुलनेला एक निष्क्रिय वस्तू हवी,” संख्याशास्त्रज्ञ म्हणाल्या. “औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात, तशी.”

सुताराला बोलावले. त्याने दोन्ही टॅब हातात घेऊन जोखले.

“एवढ्याच लांबीरुंदीची, एवढ्याच वजनाची फळी करून देतो. पण तिनं करायचं काय?”

“काहीच करायचं नाही.”

“मग जमंल. आमच्या सगळ्या फळ्या तेच करतात.”

आठ जणांच्या हाती सपाट टॅब दिला, आठ जणांच्या हाती फिरणारा आणि उरलेल्या आठांच्या हाती फळी. प्रत्येकाने एकच आकडा नोंदवायचा होता : शून्य पूर्णांक दोन. पाण्यात निदान एवढे तरी क्लोरिन उरायला हवे असते. “तो जुन्या टाकीत हल्ली—” बाईंनी तोंड उघडले. “खऱ्या नोंदींचा उल्लेख नको!” संख्याशास्त्रज्ञ ओरडल्या. “चाचणी दूषित होईल!”

निकाल पुढीलप्रमाणे हाती आले. सपाट टॅबच्या गटात एकूण एक्कावन्न चुका झाल्या. एकाने नकळत आपल्या मेव्हण्याला फोन लावला आणि अर्धा तास त्याला क्लोरिन सांगितले. मेव्हण्याने शेवटी “बरं, मी हिला सांगतो” असे म्हणून फोन ठेवला. फिरणाऱ्या टॅबच्या गटात पाच जणांचे हातमोजे बिजागरीत अडकले. दोघांनी पडदा इतका मनापासून फिरवला, की कीबोर्ड पलीकडच्या बाजूला गेला आणि सगळी नोंद त्यांच्या पोटाने केली. फळीच्या गटात चुका शून्य. मध्येच बंद पडण्याचे प्रसंग शून्य. वापरणारे समाधानी : आठपैकी आठ.

योगायोगाने भांडारपाल आणि मुख्य लिपिक, दोघांच्याही वाट्याला फळी आली होती.

“हीच! हीच ती!” पट्टीआडून भांडारपाल गहिवरले. “काय फिरतेय बिजागरी! लोण्यासारखी!”

“बिजागरी? अहो, हात फिरवून बघा,” मुख्य लिपिक शेजारून म्हणाले. “सांध्याचा मागमूस नाही. याला म्हणतात सपाट!”

मग पडझड चाचणी झाली. कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर सपाट टॅबचे तीन तुकडे झाले. फिरणाऱ्याचे दोन स्वतंत्र संगणक झाले, मात्र त्यांपैकी एकही चालेना. फळीने फरशीला तडा पाडला. हा गुण फळीच्या खात्यात जमा झाला. जलरोध चाचणीत पहिले दोन्ही बादलीच्या तळाशी गेले. फळी तरंगली, तेव्हा उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या.

“पण ही फळी आहे,” साहेब म्हणाले. भावनेच्या भरात ते खुर्चीवरून उठून प्रथमच लोकांकडे वळले होते.

“ते तुमचं मत झालं,” संख्याशास्त्रज्ञ म्हणाल्या.

सर्वाधिक गुण मिळवणारी वस्तूच घेणे नियमाने बंधनकारक होते. साहेबांनी सही केली.

फळ्यांचे वाटप थाटात झाले. प्रत्येक फळीवर तापलेल्या सळईने क्रमांक उमटवला, आणि तीन दिवसांचे वापर प्रशिक्षण झाले. पहिल्या दिवशी फळी कशी धरावी, दुसऱ्या दिवशी कशी ठेवावी, तिसऱ्या दिवशी शंकासमाधान. आठवडाभरात कुणी तिला मखमली पिशवी शिवली, कुणी पुढच्या बाजूवर पारदर्शक कागद चिकटवला. सुताराने खडबडीत आलेल्या नऊ फळ्या रंधून परत दिल्या. त्या सुधारित आवृत्तीसाठी रांग लागली, आणि ज्यांना ती मिळाली ते बाकीच्यांशी जरा हात राखून बोलू लागले. नणंद मुद्दाम फळी बघायला खाली आली, तिने पडद्यावरून फिरवावे तसे तिच्यावरून बोट फिरवले आणि “अगं आई!” म्हणून झटकले. बोटात कुसळ गेले होते.

“स्पर्शाला लगेच उत्तर देते हो, वहिनी!” ती कौतुकाने म्हणाली. “आमच्याला चारदा टोचावं लागतं.”

नमुनेबाईंना या उत्साहात भाग घ्यायला सवड नव्हती. तिमाही संपायला आठ दिवस उरले होते, आणि फळीवर शाई वहीपेक्षा जास्त पसरत होती. त्यांनी नियमपुस्तक काढले. वहीत पेन्सिलीला मनाई होती, कारण पेन्सिलीचे खोडता येते. फळीबाबत नियम गप्प होता. बाईंनी सुताराकडून कानावरची जाड पेन्सिल मागून घेतली आणि नळाखाली भिजत भिजत आकडे लिहिले. लाकूड ओले झाले, आकडे जागचे हलले नाहीत. एक एकसारखा दिसत होता, नऊ नऊसारखा. तिमाही संपली तेव्हा तिसरे ज्ञापन निघाले नाही. उलट पहिली दोन मागे घेतली गेली. बाई त्या दिवशी टाकीच्या शिडीवर दोन पायऱ्या एकदम चढल्या.

महिन्याभरात फळी भरली. त्यांनी दुसरी मागितली, आणि कार्यालय पुन्हा पेचात पडले. कारण आता बाईंकडे दोन फळ्या होणार होत्या, आणि दोन फळ्या म्हटल्या की त्या सुट्या ठेवायच्या की बिजागरीने जोडायच्या, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. समिती पुन्हा बसली. भांडारपालांच्या चेहऱ्यावर तेज आले. मुख्य लिपिकांनी टाचण्या कुलपात ठेवल्या. निर्णय होईपर्यंत बाईंना तात्पुरत्या म्हणून सुट्या फळ्या मिळत राहिल्या. भरलेल्या फळ्या ठेवायला जागा नव्हती, तेव्हा सुताराने त्यांचेच एक सुबक मांडणीचे कपाट ठोकले आणि ते साहेबांच्या दालनात उभे केले.

वर्षअखेरीस त्याच दालनात बाईंना प्रशस्तिपत्र देण्यात आले. नोंदींची वाचनीयता : उत्कृष्ट.

“काय बाई, आता समाधान?” साहेबांनी विचारले.

“फळी चांगली आहे, साहेब. तुम्ही वाचलीत का?”

“वाचता येतेय, हेच तर यश!” साहेब मोकळेपणाने हसले, नळाच्या पाण्याने भरलेला पेला त्यांनी संपवला आणि कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवला. पेल्याच्या बुडाशी बाईंचे ठसठशीत अक्षर होते : जुनी टाकी, शून्य. त्याखाली, जुनी टाकी, शून्य. फळीभर तेच. खालच्या फळीवरही तेच.

“साहेब, ती जुनी टाकी—”

“बाई, आज कौतुकाचा दिवस आहे. आज काम नको.”

फळ्यांना बिजागरी लागली की नाही, अशी उत्सुकता वाचकांना असेल. प्रकरण विचाराधीन आहे. जुन्या टाकीबद्दल मात्र कुणाची विचारणा आल्याची नोंद नाही. बाईंनी तिचे नाव साहेबांसमोर, तज्ज्ञांसमोर आणि पुन्हा साहेबांसमोर घेतले, तेव्हा तुम्हीही तिथेच होता. आणि प्रत्येक वेळी तुम्ही फळीचे पुढे काय झाले ते बघायला घाईने पुढची ओळ गाठलीत. टाकी जुनी असली, तरी अर्ध्या शहराला पाणी तिचेच आहे. एवढे वाचून घसा कोरडा पडला असेल, तर उठून नळापर्यंत जा. बाई तिथे येऊन आकडा लिहून गेल्या आहेत. वाचायला अगदी स्वच्छ आहे.