बारा मिनिटं मागे चालणारी शाळा

निरोपाची भेट म्हणून शाळेला अकरावं घड्याळ द्यायचं नाही, असं दहावी ‘ब’नं ठरवलं आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

बोईसरच्या त्या शाळेत दहावीची मुलं जाताना भिंतीवरचं घड्याळ देऊन जात. वर तुकडीचं नाव, खाली ‘सप्रेम भेट’. अशी दहा घड्याळं जमली होती आणि दहाही आपापल्या मर्जीनं चालत. प्रयोगशाळेत दुपार टळलेली असायची तेव्हा ग्रंथालयात अजून सकाळच असे. शाळा भरायची ती पोर्चमधल्या घड्याळावर, कारण शिपाई मारुतीमामा ते पाहून घंटा द्यायचे.

“आहेत तीच दुरुस्त करू,” वर्गाचा मॉनिटर भाग्येश म्हणाला. त्याचे वडील एका कारखान्यात मीटर तपासायच्या कामाला होते, त्यामुळे काट्यांचं ज्ञान आपल्या रक्तातच आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

त्याला या दिवसांत जरा उठून दिसायचंही होतं. शनिवारच्या निरोप समारंभात वर्गाच्या वतीनं मनोगत कोण बोलणार, हे ठरायचं होतं. मुख्याध्यापक संखे सरांचा नियम असा की, उशिराच्या वहीत ज्याचं नाव एकदाही नाही त्यानंच बोलायचं. पण गेली सहा वर्षं ती वही कोरीच होती. सर ती येईल त्या पाहुण्याला उघडून दाखवत. म्हणजे वर्गातली अडतीसच्या अडतीस मुलं पात्र, आणि त्यात मॉनिटर म्हणून भाग्येशचं नाव जवळजवळ पक्कं. चार पानी भाषण दिवाळीतच लिहून झालं होतं. ते ऐकायला वडिलांनी पाळी बदलून घेतली होती. पाच वर्षांत पालकसभा आणि त्यांची पाळी यांचं कधी जमलं नव्हतं, त्यामुळे ते शाळेत पहिल्यांदाच येणार होते.

मंगळवारी शाळा सुटल्यावर भाग्येश, वैभवी आणि अंकुश स्टूल घेऊन फिरले. नऊ घड्याळं सुरळीत झाली. पोर्चमधल्या घड्याळाला मात्र काहीच झालेलं नव्हतं. ते फक्त बारा मिनिटं मागे होतं.

“त्याला हात नको लावू,” मारुतीमामा खालून म्हणाले. “तशी सवय हाय.”

“घड्याळाला कसली सवय, मामा?”

“घड्याळाला नाय रे...” मामा बोलता बोलता थांबले. “बरं, कर. तू शिकलेला.”

बुधवारी घंटा बरोबर साडेसातला झाली आणि मामांनी फाटक लावलं. त्या वेळी भाग्येश घरी पोहे खात होता. त्याचं घर शाळेच्या अगदी समोर. साडेसातची शाळा सात बेचाळीसला भरते हे सगळ्या पोरांच्या पायांना ठाऊक होतं, डोक्याला कधी कळलंच नव्हतं. घड्याळ स्वतःच्या हातानं पुढे करूनही भाग्येशचे पाय नेहमीच्याच वेळी निघाले. यालाच आपल्या पायावर आपण धोंडा पाडून घेणं म्हणतात.

फाटकाबाहेर जवळजवळ सगळी शाळा उभी होती. स्कूटी घेऊन रूपाली मॅडम उभ्या होत्या. उशिराची वही त्यांच्याकडेच असायची. शेवटी हेल्मेट काढत संखे सर आले.

“मारुती, फाटक उघड.”

“सर, प्रार्थना चालू हाय. ती संपेपर्यंत कोणालाच उघडायचं नाय, असं तुमीच लिवून दिलंय. फाटकालाच लावलंय बघा.”

सरांनी सूचना वाचली. खाली त्यांचीच सही होती. मग तेही मुलांत येऊन उभे राहिले.

भाग्येशनं मनात हिशोब मांडला. वहीत नाव लागणार, मनोगत जाणार, आणि वडील शनिवारी येणार. पण सगळेच उशिरा आले तर सगळे सारखेच, असं म्हणून त्यानं वर्गातली डोकी मोजली. सदतीस.

“मंगळी दिसत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे अजून पोचली नाही ती,” वैभवी म्हणाली. “डोंगराकडनं येते ना. अरे, मामांनी तिच्यासाठीच घड्याळ मागे ठेवलं असणार! आणि आपण काय करून बसलो?”

ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. रूपाली मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. संखे सरांनी हेल्मेट छातीशी धरलं. “घड्याळ आजच्या आज मागे घ्या,” ते म्हणाले. “एका मुलीसाठी शाळा बारा मिनिटं थांबू शकते.” भाग्येशला तर फार वाईट वाटलं. तिचंही नाव लागणार याचा किंचित दिलासा वाटला होता, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून लाऊडस्पीकरवर प्रतिज्ञा सुरू झाली. आवाज मुलीचा होता आणि ओळखीचा होता.

फाटक उघडलं तेव्हा मंगळी पोर्चमध्ये वही घेऊन बसली होती. “मॅडम बाहेर अडकल्या, म्हणून मामांनी वही मला दिली,” ती म्हणाली. “एकेक जण या.” सर पुढे आले तशी तिनं पेन वर उचललं. “सर, तुमचं पण लिवायचं?”

सरांनी एकदा मुलांकडे पाहिलं. “लिही,” ते म्हणाले. “कारणाचा रकाना राहू दे.”

मधल्या सुट्टीत मुलांनी मामांना घेरलं. “मंगळीसाठी कशाला?” मामा म्हणाले. “सहा वर्सांमागं सेल उतरला नि घड्याळ मागं पडलं. त्या दिवशी वहीत एक नाव नाय. सर इतके खूश झाले, मग मी सेल नवा घातला पण काटे तसेच ठेवले. लांबच्या पोरांचा काय त्रास नव्हता. समोर राहणाऱ्यांसाठी होतं ते.”

भाग्येश मंगळीकडे वळला. “मग तू किती वाजता येतेस?”

“साडेसहाला. कंपनीच्या पहिल्या पाळीचा टेम्पो असतो, त्यात आईसंगं येते. दुसरी गाडी नवाला.”

“पाच वर्षं रोज तासभर आधी येतेस? कधी बोलली नाहीस.”

“तुमी कवा इचारलं?”

मनोगत मंगळीकडे गेलं. भाग्येशनं वडिलांना घरी खरं ते सांगितलं. “पाळी बदलली आहे, येतोच आता,” ते म्हणाले. भाग्येशनं मन मोठं करून आपली चार पानं मंगळीला दिली. दुसऱ्या दिवशी तिनं ती परत आणली. “चांगलं हाय,” ती म्हणाली. “पण यातलं माज्या शाळेत काय झालं नाय.”

शनिवारी ती कागद न घेताच उभी राहिली.

“तुमाला शाळा म्हटलं की गर्दी आठवंल. मला रिकामी शाळा आठवते. साडेसहाला आपला वर्ग मामा उघडून देतात. मी रोज वेगळ्या बाकावर बसायची आणि ज्याचा बाक त्याच्याशी मनात बोलायची. वैभवीच्या बाकात खडूचे तुकडे असतात. अंकुशच्या बाकात चिंचोके. भाग्येशच्या बाकात कधीच काय नसतं, तो सगळं घरी नेतो. मला वाटायचं, हा आपल्याशी बोलत नाय. मग घंटा व्हायची, तुमी खरे यायचे, आणि मला बोलायला सुचायचं नाय. पण मी तुमाला वळखते. एवढंच.”

टाळ्या वाजल्या.

“ही तुझ्याच वर्गातली ना?” वडिलांनी भाग्येशला हळूच विचारलं.

“हो. पाच वर्षं.”

“कुठल्या पाड्यावरची?”

भाग्येशला नाव सांगता आलं नाही.

परीक्षेपर्यंत जादा तास चालूच राहणार होते. सोमवारी सकाळी साडेसहाला मंगळी आली तर फाटकापाशी दहावी ‘ब’ची सदतीस मुलं डोळे चोळत उभी. कुणी वडापाव आणले होते, कुणी पत्ते. सगळ्यांनी तिला मध्ये बसवलं आणि पाच वर्षांचं सगळं एका तासात विचारून घेतलं. पाड्याचं नाव, आईची कंपनी, घरी कोण कोण. ती हसली, पुष्कळ बोलली. घंटा झाल्यावर मात्र तिनं वैभवीला बाजूला घेतलं.

“उद्या येऊ नका हां,” ती म्हणाली. “चांगलं वाटलं. पण गणिताचं एकपण उदाहरण झालं नाय.”

मंगळवारी कुणी आलं नाही. एकटा भाग्येश आला. दारात थांबून त्यानं विचारलं, “बसू का?”

“बस. बोलू नको.”

तो आपल्या बाकावर बसला, गणिताची वही काढली आणि घंटा होईपर्यंत चकार शब्द बोलला नाही. शाळा सुटल्यावर जाताना पेन्सिल बाकातच ठेवून गेला.