दहापैकी दहा घंट्या

बायकोनं सायकल बैठकीच्या खोलीत आणून स्टँडवर लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा."

"घरात?"

"मग काय रस्त्यात परीक्षा घेऊ?"

ती एका कारखान्यात तपासणी विभागात होती. तिच्या शिक्क्याशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर पडत नसे, आणि घरात तर तिच्यावर साहेबही नव्हता. नवरा छापखान्यात मशीनवर. दिवसभर खडखडाट, घरी आल्यावर सूचना. मधली सायकलवरची चाळीस मिनिटं काय ती त्याची. तेवढ्या वेळात गाणी ऐकावीत, इतकीच त्या बिचाऱ्याची हौस. बायकोची अट मात्र सरळ होती. गाणं चालू असताना ती पाठीमागून हातातली सुटी घंटी दहा वेळा वाजवणार, आणि ऐकू आली की त्यानं हात वर करायचा.

दुकानदारानं ओळखीखातर तीन हेडफोन घरी न्यायला दिले होते. पहिले कानात खुपसायचे. त्यात नवऱ्यानं एकदाही हात वर केला नाही. दुसरे कानांवर बसणारे, चांगले गुबगुबीत. त्यात त्याचे डोळे मिटले, मान डोलू लागली, आणि बायकोनं पाठीत बोट खुपसलं तेव्हा तो सायकलसकट आडवा होता होता वाचला.

"दोन्ही परत," बायको म्हणाली. "हे तिसरे नापास झाले तर विषय संपला. पुन्हा काढायचा नाही."

तिसरे कानाच्या बाहेर, गालाच्या हाडावर टेकणारे होते. कान अगदी मोकळे. आवाज बेताचा ठेवला असता तर घंटीच काय, शेजारच्यांचं भांडणही ऐकू आलं असतं. पण बेताच्या आवाजात गाणं ऐकणं म्हणजे त्याला उपास वाटे. त्यानं आवाज पार वर नेला आणि मग लक्षात आलं, आता घंटी साफ बुडणार. त्याला घाम फुटला. एवढ्यात समोरच्या बंद टीव्हीच्या काळ्या काचेत त्याला बायको दिसली. तिचा अंगठा घंटीकडे जाताना अगदी स्पष्ट दिसत होता.

त्याचा हात वर गेला. मग प्रत्येक वेळी गेला.

"दहापैकी दहा!" बायको थक्क झाली. "आवाज किती ठेवला होतात?"

"ऐकण्यापुरता," तो म्हणाला. त्याला थोडी लाज वाटली, पण जेवण होईपर्यंत ती ओसरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बनियनवर दाढी करत होता. एक गाल झाला होता, एक व्हायचा होता.

"अहो, पोरगी कधीची मागे लागली होती ना?" बायको आतून म्हणाली. "काल तिलाही हेडफोन आणले. तुमच्यासारखेच. आत्ताच लावून सायकलवर गेली क्लासला."

"अगं, तिची परीक्षा?"

"माल एकदा पास झाला की झाला. आम्ही काय प्रत्येक खिळा ठोकून बघतो?"

क्लासच्या वाटेवर मालाचं गोदाम होतं आणि तिथे ट्रक मागे घेत असत. आवाजाच्या बाबतीत पोरगी थेट बापावर गेली होती.  वस्तरा बेसिनमध्ये टाकून तो आहे तसा धावत सुटला.

गोदामाच्या अलीकडे ती दिसली. सोबत दोन मैत्रिणी सायकलींवर, हिच्या कानांपाशी हेडफोनची काळी पट्टी. त्यानं जीव खाऊन हाक मारली. ती वळली नाही. दुसरी हाक मारली, तर तिनं उलट वेग वाढवला. आणि फाटकातून एक ट्रक मागे मागे येऊ लागला.

"थांब!" तो किंचाळला. "आवाज बंद कर! त्यात काही ऐकू येत नाही! मी खोटं बोललो! तुझ्या आईला फसवलं मी!"

रस्त्यातली माणसं जागच्या जागी उभी राहिली. पोरगीही ब्रेक दाबून, एक पाय टेकून शांतपणे थांबली. ट्रक बाहेर पडून निघून गेला. बापानं येऊन तिचं हँडल घट्ट धरलं.

"ट्रक... ऐकू आला तुला?"

"आला की. गाणी बंदच आहेत. आम्ही बोलत होतो."

"आणि माझ्या हाका?"

"पहिलीपासून."

"मग थांबली का नाहीस?"

तिनं बनियन बघितलं, गालावरचा फेस बघितला. मैत्रिणी मोठ्या सभ्यपणे गोदामाची पाटी वाचत होत्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही थांबला असतात?"

त्याला हसू आलं, मग एकदम रडूच आलं. पोरगी धडधाकट समोर उभी होती. आणखी काही नको होतं त्याला.

"झालं रडून?" पाठीमागून आवाज आला. बायको स्कूटरवर होती, हातात त्याचा शर्ट. "फसवल्याचं ऐकलं मी. सगळ्या रस्त्यानं ऐकलं. ते घरी बघू. घरापासून मागे हॉर्न देत येतेय, थांबायला काय झालं होतं?"

"ऐकूच आला नाही गं."

"कानाला काही लावलं होतंत?"

"नाही."

"गाणं चालू होतं?"

"नाही गं. पण शपथ घेऊन सांगतो, हॉर्न ऐकू आला नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. बायकोनं शर्ट त्याच्या अंगावर टाकला.

"काल-परवा खोटं बोललात ते तरी पटण्यासारखं होतं," ती म्हणाली, आणि स्कूटर वळवून निघून गेली.