पलीकडची जागा

ऑफिसातला सगळा डेटा नदीपलीकडच्या इमारतीत कॉपी व्हायचा होता, आणि तिथे किती जागा लागेल याचा हिशोब जागेवाल्यांनी केला होता. सर्व्हरवर कुणाला किती जागा द्यायची हे तेच ठरवत, म्हणून हे नाव पडलेलं. माणूस हुशार, पण बसवला खिडकीशी. अशा माणसाच्या आकड्यांत थोडं आभाळ मिसळायचंच. डेटा चाळीस टेराबाइट, वर दहा वाढीसाठी, म्हणजे पलीकडे पन्नास. उद्यापासून तीन दिवस रजा, बायकोबरोबर, तळ्याकाठी खोली ठरवलेली. चार वर्षांत हे जमलं नव्हतं. ऑफिसच्या मुख्य मॅडमची अट एकच होती: पाचपर्यंत कॉपी पुरी झाली तर रजा, नाहीतर नाही.

सकाळी कॉपी सुरू झाली. पलीकडची जागा किती भरली ते दाखवणारी पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू चढू लागली आणि जागेवाल्यांना तळंच भरताना दिसू लागलं. काठावर दोन खुर्च्या, पाण्यात सोडलेले चार पाय, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. तीन वाजता जागा संपत आल्याने पट्टी लाल झाली, तेव्हाही ते स्वतःशी म्हणाले, "सूर्य मावळायला आला वाटतं."

फोन वाजला. पलीकडचा सर्व्हर सांभाळायची ती त्यांची बायकोच.

"अरे, किती पाठवतोयस? इथे पन्नास भरत आले."

"चाळीसच आहेत गं. सोमवारी मोजलेत."

"मग मी स्वप्नात बघतेय का? ते खातं तुझं. थांब, जागा करते."

पट्टी उतरली, जागेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. दहा मिनिटांत ती पुन्हा वर. तिने पुन्हा जागा केली, पट्टी पुन्हा चढली. चौथ्या खेपेला ते भानावर आले.

"जागा करतेस म्हणजे नक्की काय करतेस?"

"आमचा जुना डेटा हलवते."

"कुठे?"

"तुझ्या सर्व्हरवर. गुरुवारीही बारा ठेवलेत. रिकामी जागा होती की तिथे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"घरी तुझ्या कपाटात माझी पांघरुणं असतात, ती काय सांगून ठेवते?"

आता यात चूक कुणाची म्हणायची? ती जे इकडे ढकलत होती, तेच इमानेइतबारे कॉपी होऊन पुन्हा तिच्या दारात उभं राहत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

पावणेपाचला मॅडम आल्या. त्यांनी फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि सगळं ऐकून घेतलं. जागेवाल्यांनी मनातल्या मनात खुर्च्या आवरल्या. त्यांना अगदी रडू येत होतं.

"किती वर्षं झाली लग्नाला?" मॅडमनी विचारलं.

"चौदा."

"म्हणजे ही सवय सुटायची नाही. मी नवी डिस्क मागवते आणि कॉपी स्वतः उभी राहून करून घेते. मध्ये कुणी काही हलवलं नाही, तर होईल."

"मग आमची रजा?" जागेवाल्यांनी विचारलं.

"तीन दिवस पुरायचे नाहीत. दोघंही आठवडाभर जा. लॅपटॉप इथे ठेवून."

फोन अजून स्पीकरवरच होता. पलीकडून बायकोचा आवाज आला, "मॅडम, आठवडा म्हणजे रविवार धरून की सोडून?"