विश्रामरावांसाठी मालिका बघण्याबाबत

माणूस आज ना उद्या जाणार, हे सर्वांना मान्य असतं. मालिकाही जाणार, हे मात्र वाहिनीने जाहीर करेपर्यंत कोणी मनावर घेत नाही. आणि वाहिनी ते जाहीर करत नाही. ती सोमवारी त्याच वेळेला गाण्याची स्पर्धा लावते. प्रेक्षकाने काय ते समजून घ्यायचं असतं.

माजिवड्यात, सातव्या मजल्यावर, विश्रामरावांनी असंच समजून घेतलं. कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. ज्या महिन्यात ते निवृत्त झाले त्याच महिन्यात 'यान क्रमांक सत्तावीस' सुरू झाली. अकरा माणसं, एक अंतराळयान, पृथ्वीशी संपर्क तुटलेला. पाच वर्षं, तेराशे बारा भाग. विश्रामरावांनी त्यातला एकही चुकवला नाही. (पुतणीच्या लग्नात अक्षता साडेआठला पडणार होत्या. विश्रामराव सव्वाआठला आशीर्वाद देऊन निघाले.)

तेराशे बाराव्या भागात कप्तानाने यानाचं बाहेरचं दार उघडलं. दारात कोणीतरी उभं होतं. कॅमेरा कप्तानाच्या चेहऱ्यावर तीन बाजूंनी आला आणि 'क्रमशः' अशी अक्षरं उमटली. त्याला आता महिना झाला.

"मंदा, दार उघडं टाकून गेले गं," विश्रामराव म्हणाले.

"कोण?"

"वाहिनीवाले. हवा जात असेल ना सगळी."

मंदाकिनीबाईंनी पदर सारखा केला आणि गंभीर चेहरा केला. त्यांना दुःख झालं होतं, यात शंका नाही. ते कशाचं, हे समजण्यासाठी त्यांचं दिवसाचं वेळापत्रक पाहावं लागेल. पुढील उतारा संध्याकाळपुरता आहे.

७.०० कुकर लावणे.
७.४५ जेवणं.
८.१५ ओटा पुसणे.
८.३०

९.०० दूध विरजणे.

(साडेआठसमोर काही छापायचं राहून गेलेलं नाही.)

विश्रामराव घरात आहेत, जागे आहेत आणि एका जागी आहेत, असा दिवसातला तेवढाच काळ होता. त्या काळात मंदाकिनीबाई स्वयंपाकघराचं दार लोटून घेत, स्टुलावर बसत, पाय तांदळाच्या डब्यावर ठेवत आणि काहीही करत नसत. जप नाही, वाती नाहीत, मोबाइल नाही. खिडकीतून पुलावरचे दिवे दिसत, पण ते मुद्दाम बघण्यासारखे नव्हते आणि बाई ते मुद्दाम बघतही नव्हत्या. पाच वर्षं हे काम त्यांनी एकही खाडा न करता केलं.

एका पाहणीनुसार (पाहणी मंदाकिनीबाईंची, नमुना एक) आवडती मालिका बंद पडलेला पुरुष पहिल्या आठवड्यात हॉलमध्ये फिरतो, दुसऱ्यात गॅलरीत जातो आणि तिसऱ्यात स्वयंपाकघरात येतो. तिथून तो परत जात नाही. स्वयंपाकघरात बघण्यासारखं पुष्कळ असतं, आणि रोज नवीन भाग.

"या डबीवर हिंग लिहिलंय. आत मेथ्या आहेत."

"हो."

"मग हिंग का लिहिलंय?"

"सव्वीस वर्षांपूर्वी हिंग होतं."

"आणि हिंग कुठाय?"

"ओव्याच्या बरणीत."

चौतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला हे ऐकून काय झालं असेल, याची कल्पना त्या खात्यातल्यांनाच येईल. विश्रामरावांनी दुसऱ्या दिवशी साडेआठ ते नऊ या वेळात एकोणचाळीस डब्यांना नवीन चिठ्ठ्या लावल्या. ज्यात जे होतं तेच वर लिहिलं. परिणामी मंदाकिनीबाईंना घरात काहीही सापडेना. मेथ्यांसाठी त्या 'हिंग' लिहिलेल्या बरणीकडे गेल्या तर तिच्यात आता खरोखरच हिंग होतं. आमटीत त्या दिवशी काय पडलं, ते जेवणाऱ्यांनी विचारलं नाही. (चिठ्ठीवर बरोबर लिहिलं होतं, एवढंच विश्रामराव म्हणाले.)

आता कोणी विचारेल, बाईंनी सरळ सांगितलं का नाही, की अहो, तुम्ही जरा बाहेर बसा? अडचण अशी, की 'का? काय करायचंय तुला?' असा प्रश्न येणार, आणि 'काही नाही' हे उत्तर खरं असलं की ते कोणी ऐकून घेत नाही. भजनाला जायचं म्हटलं असतं तर मिळाली असती परवानगी. योगासनांना तर रिक्षाने सोडायलासुद्धा आले असते. काहीच न करण्यासाठी अर्धा तास मागायचा, तर तसा अर्ज कुठल्या खिडकीवर देतात हे छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना कळलेलं नव्हतं.

त्यांनी ही गोष्ट फक्त सहाव्या मजल्यावरच्या मालनला सांगितली.

"ताई, तुमचं अर्ध्या तासाचंच होतं, म्हणून पंचाईत झाली," मालन म्हणाली. "आमच्या नवरोबाला, तानाजीला, मी पोलीस-तपासवाली लावून दिलीय. सलग दोन तास हू नाय का चू नाय. मी गच्चीवर जाऊन येते, माहेरी फोन करते, येऊन भांडी लावते, तरी खुनी सापडलेला नसतो."

"ह्यांना खुनी पहिल्या जाहिरातीआधीच सापडतो गं. मग सांगायला आत येतात."

"मग दुसरी बघा. असं किती दिवस ठेवणार त्यांना?"

दुसरी बघायची ठरल्यावर अण्णांना बोलावणं ओघानेच आलं. अण्णा म्हणजे विश्रामरावांचे थोरले बंधू, मुक्काम डोंबिवली. त्यांनी आजवर एकेचाळीस लग्नं जुळवली असून त्यांतली एकोणचाळीस टिकली आहेत. (उरलेली दोन ऑस्ट्रेलियाला गेली, त्यामुळे खात्री करता येत नाही.) अण्णा आले, गुडघ्यावर हात ठेवून भावाच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "झालं ते झालं, विश्राम. पण साडेआठ काय रोज वाजायचे थांबणारेत?"

विश्रामरावांनी मान हलवली.

"एकट्याने नाही निघत संध्याकाळ. आणि तुझं असं काय वय झालंय? सवयीने लागतो जीव. आमचं तरी पहिल्या दिवशी कुठे जमलं होतं!"

(हे त्यांच्या मालिकेबद्दल होतं की वहिनींबद्दल, याचा खुलासा झाला नाही. वहिनी डोंबिवलीतच होत्या.)

अण्णांनी सोबत माहिती आणली होती. ती त्यांच्याच शब्दांत:

पहिलं स्थळ. कौटुंबिक. अडीच हजार भाग झालेत, पण तेवढं वय दिसत नाही. एकत्र कुटुंब, चार जावा, सगळ्या आपापल्या जागी दुष्ट. स्वभाव रडका. एक आठवडा बघितली नाही तरी रागावत नाही; कथानक तिथेच असतं.

दुसरं. पाककृतीची. गृहकृत्यदक्ष. हसतमुख. अपेक्षा काही नाही.

तिसरं पौराणिक. घराणं फार मोठं. शेवट आधीच ठाऊक असल्याने पुढे फसवणूक होण्याचा संभव नाही.

रविवारी साडेआठला कार्यक्रम ठरला. मंदाकिनीबाईंनी टीव्ही ओल्या फडक्याने पुसला आणि कांदेपोहे केले. मालन मदतीला आली. विश्रामराव इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले, कारण अण्णांनी तसं सांगितलं होतं. पहिली मालिका लागली. दहा मिनिटं झाली. एक सून जिन्यावरून उतरत होती; ती अजून उतरायची होती.

"काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचार," अण्णा म्हणाले.

"यात कोणी पृथ्वीच्या बाहेर जातं का?"

अण्णांनी कागद बघितला. "धाकटा मुलगा दुबईला जातो."

"संपर्क तुटतो?"

"छे छे. रोज फोन करतो आईला."

विश्रामरावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. जाणकारांना एवढं पुरतं.

पाककृतीच्या मालिकेत बाई दोन चमचे तेल म्हणाली आणि पळीभर ओतलं. मापात खोट असलेल्या घराशी संबंध नको, असं विश्रामराव म्हणाले आणि ते सांगण्यासाठी आत येऊन मंदाकिनीबाईंची पळी मोजून गेले. पौराणिकमध्ये बाणाला लागणारा वेळ आणि अंतर यांचा मेळ बसेना. हाही हिशोब त्यांनी ओट्याशी उभं राहून समजावून दिला. नऊ वाजले. नकार कळवायला अण्णांनी दोन दिवस मागून घेतले. एकदम नाही म्हटलं तर वाईट दिसतं.

"निदान तुझी पहिलीच, ती यानवाली, पुन्हा पहिल्यापासून बघ," जाताना अण्णा म्हणाले.

ते करून पाहिलं. पण विश्रामरावांना पुढचं सगळं माहीत असल्यामुळे बघायची गरज राहिली नाही. टीव्ही हॉलमध्ये चालू असे आणि ते आत येऊन पुढे काय होणार ते सांगत.

पाचव्या आठवड्यात विश्रामराव स्टुलावर बसले. म्हणाले, "इथे बरं वाटतं गं. शांत आहे." आणि त्यांनी पाय तांदळाच्या डब्यावर ठेवले. मंदाकिनीबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्या रात्री त्यांनी दूध विरजलं की नाही, हे त्यांना सकाळीच कळलं.

आणि मग, ज्याची कोणीही आशा धरली नव्हती ते झालं. 'यान क्रमांक सत्तावीस' परत आली. नवीन भाग, तीच माणसं, तेच उघडं दार. अण्णांचा फोन आला, आवाजात गहिवर: "पहिलीच नांदायला आली रे!" मंदाकिनीबाईंनी पेढे आणवले आणि मजल्यावर वाटले. मालनने दोन घेतले आणि बशी घेऊन गेली. कारण न सांगता पेढे वाटणारी बाई म्हणून शेजारणींनी जे काही अंदाज बांधले, त्यांतला एकही खरा नव्हता, पण आनंद त्याच आकाराचा होता.

पेढे वाटून झाल्यावर जाहिरात नीट वाचण्यात आली. मालिका आता टीव्हीवर नव्हती. मोबाइलवर होती. कधीही, कुठेही.

वाय-फायचा डबा फ्रिजवर आहे. फ्रिज स्वयंपाकघरात आहे.

बरोबर साडेआठला विश्रामराव मोबाइल घेऊन आत आले, स्टुलावर बसले, मोबाइल खऱ्या हिंगाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि म्हणाले, "ये ना, तूपण बघ. तुला मागचं सगळं सांगतो."

"सगळं?"

"तेराशे बारा. तुकड्या-तुकड्याने सांगीन."

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "हॉलमधला पंखा चालू राहिलाय. बंद करून येते."

हे खरं होतं. त्यांनी जाऊन पंखा बंद केला. मग त्यांच्या लक्षात आलं, की हॉल रिकामा आहे. पाच वर्षं साडेआठ वाजता त्यांनी हा हॉल पाहिलाच नव्हता. त्यांनी पंखा पुन्हा लावला.

"मंदा!" आतून हाक आली. "दारात कोण होतं, माहितीये?"

"कोणी का असेना. दार लावून घ्या."

स्वयंपाकघराचं दार लागल्याचा आवाज आला. बाई विश्रामरावांच्या खुर्चीत बसल्या. ही खुर्ची स्टुलापेक्षा बरीच चांगली होती. पाठ होती, हात होते. त्यांनी पाय टीपॉयवर घेतले.

पेढ्यांची बशी द्यायला मालन आली तेव्हा बाई बंद टीव्हीसमोर बसल्या होत्या.

"काय बघताय, ताई?"

"मालिका."

मालनने पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "नवीन आहे?"

"हं."

"कशावर आहे?"

"कशावरच नाही."

मालन तशीच उभी राहिली. मग बशी टीपॉयवर ठेवून शेजारच्या सोफ्यावर टेकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सुरुवातीचं चुकलं असेल ना माझं?"

"काही चुकलं नाही. बस."

एक सूचना वाचकांसाठी.

ही कथा वाचायला आपल्याला साधारण आठ ते दहा मिनिटं लागली. एवढ्या वेळात आपण घरात होतात, जागे होतात आणि एका जागी होतात. आपल्याला कोणी हाक मारली नाही, काय वाचताय असं विचारलं नाही, चहा हवाय का असंही विचारलं नाही, आणि आपल्या घरातली माणसं किती समजूतदार आहेत असं आपल्याला वाटलं असेल. तरी विनंती, की वाचून झाल्याचं एवढ्यात कळू देऊ नये. पान आणखी थोडा वेळ असंच समोर धरून ठेवावं, आणि अधूनमधून उलटल्यासारखं करावं.